दगडी वृंदावन आणि दीपमाळ परदेशी पाठवताना : पॅकिंग कसं करावं

दगडावर भार ठेवा, तो सहज पेलतो. त्याला वाकवलं किंवा ओढलं, की तो लवकर तुटतो. बहुतेक दगडांची ताण सहन करण्याची ताकद दाब सहन करण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. त्यामुळे परदेशी पोचल्यावर पेटीतून तुकडे निघाले, तर त्यामागे बाहेरून बसलेला घाव क्वचितच असतो. दीपमाळेचा खांब पेटीत आडवा ठेवलेला असतो, त्याला आधार दोन्ही टोकांनाच असतो, ट्रक एका खड्ड्यात आदळतो आणि खांब स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडतो. गुंडाळायला कितीही मऊ सामान वापरलं तरी हे टळत नाही. म्हणून पॅकिंग शिकताना पहिला प्रश्न हा, की वजन नेमकं कुठे टेकणार आहे. खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्या एका प्रश्नातून निघतात.

काळ्या पाषाणाचं तुळशी वृंदावन, दीपमाळ, दगडी कंदील, पक्ष्यांना पाणी ठेवायची कुंडी अशा अंगणातल्या वस्तू डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलं आहे. महाबलीपुरमच्या ग्रॅनाइटच्या मूर्ती किंवा राजस्थानातलं वालुकाश्माचं कारंजं पाठवायचं असलं तरी रीत हीच.

दगड तपासा आणि त्याचं वजन काढा

लाकडी हातोडीने किंवा बोटाच्या पेराने दगडावर जागोजागी टकटक करून बघा. अखंड दगड खणखणीत वाजतो. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. पाथरवट दगड निवडताना हेच करतात, आणि विकत घेताना तुम्हीही त्यांच्यासमोर हे करावं, त्यांना त्यात वावगं वाटत नाही. मग दगड पाण्याने ओला करून सुकताना लक्ष ठेवा. बाकीचा पृष्ठभाग सुकला तरी भेगेच्या जागी ओलसर रेघ थोडा वेळ मागे राहते. जिथे शंका येईल तिथे फोटो काढा आणि त्या वस्तूचं पॅकिंग सुरू करण्याआधी घेणाऱ्याला कळवा. भेग असलेला दगड चांगल्या पॅकिंगने वाचेलच असं नाही, आणि विमा कंपन्या मालाच्या अंगच्या दोषाची भरपाई देत नाहीत.

वजन अंदाजाने ठरवू नका. काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट एका घनमीटरला २८०० ते ३००० किलो भरतो. ग्रॅनाइट आणि संगमरवर २७०० च्या आसपास, वालुकाश्म साधारण २२०० ते २४००. समजा वृंदावनाचा मधला भाग ४५ सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच आहे. घनफळ ०.१२ घनमीटर, म्हणजे भरीव असता तर ३५० किलो. वरून मातीसाठी कोरलेली २५ गुणिले २५ गुणिले ३० सेंटीमीटरची पोकळी वजा केली की सुमारे ३०० किलो उरतात. गुडघ्याच्या वर जेमतेम येणारी वस्तू तीन क्विंटलची असते, हे नवख्या माणसाला आकडा मांडल्याशिवाय पटत नाही. पुढे पेटीचा तळ, उचलायचा पट्टा, टेम्पो, सगळं या आकड्यावर ठरतं, म्हणून तो शेवटी काट्यावर पडताळून घ्या.

वस्तू सुटी होत असेल तर सुटी करा. दीपमाळ बहुधा एकावर एक बसवलेल्या टप्प्यांची असते, वृंदावनाचा चौथरा, मधला भाग आणि कुंडी वेगवेगळी असतात. प्रत्येक सांध्यावर खडूने आकडा घाला, समोरची बाजू कोणती ते बाणाने दाखवा आणि सांध्याचा फोटो घ्या. मार्कर पेनाची शाई सच्छिद्र दगडात कायमची उतरते, ते टाळा.

कागदपत्रं पेटीच्या आधी

घरातलं जुनं वृंदावन मुलाकडे पाठवायचं असेल तर आधी त्याचं वय पाहा. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, कोरीव दगड, वास्तूतून निखळलेले भाग हे पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. घराण्याची वस्तू आहे म्हणून सूट मिळत नाही. भंगारवाल्याकडे किंवा हमरस्त्यावरच्या दुकानात मिळणारे मंदिराचे जुने खांब, वीरगळ, दगडी दिवे यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ती त्या त्या गावाची ठेव आहे, ती गावातच राहिली पाहिजे.

वस्तू नवी असली तरी जुन्या घडणीची दिसत असेल तर कस्टम्स ती अडवू शकतं. अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेतात. त्यासाठी वस्तू उघडी दाखवावी लागते आणि चारही बाजूंचे फोटो द्यावे लागतात, म्हणून हे काम पेटीला खिळा लागण्याच्या आधीचं. पाथरवटाकडून तारखेसह पक्की पावती घेतली असेल आणि घडवताना काढलेले फोटो असतील तर ते फार उपयोगी पडतात.

व्यापारासाठी पाठवत असाल तर आयात-निर्यात कोड लागतो. घडवलेल्या दगडी वस्तू कस्टम्सच्या वर्गवारीत साधारणपणे ६८०२ या शीर्षकाखाली जातात, कलाकाराची मूळ शिल्पं ९७०३ खाली. तिकडचा कर यावरच ठरतो, तेव्हा कस्टम्स एजंटशी बोलून तो आकडा बिलावर नीट टाका आणि बिलावर नुसतं ‘स्टोन आयटेम’ लिहू नका. दगड कोणता, वस्तू कोणती, नग किती, प्रत्येकाचं वजन किती, हे सगळं लिहा.

धुणं आणि सुकवणं

अंगणात राहिलेल्या दगडावर माती, शेवाळ, दगडफूल, मुंग्यांची वारुळं असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत फार कडक आहेत. मातीचा अंश सापडला तर तिथे स्वच्छ करण्याचा खर्च तुमच्या माथी येतो किंवा माल परत फिरतो. वृंदावनाच्या कुंडीतली माती काढल्यावर कोपरे आणि पाणी जायचं भोक नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, त्याचे लोखंडी कण दगडात अडकून पुढे गंजाचे डाग पडतात. गोव्या-कोकणातल्या जांभ्याच्या वस्तूंची लाल भुकटी सुटत राहते आणि ती मातीसारखीच दिसते. तो दगड ठिसूळ आणि भोकाभोकांचा, त्यामुळे तो पाठवायचाच असेल तर घासणं आणि सुकवणं दोन्ही जास्त करावं लागतं.

सुकवायला घाई करू नका. वालुकाश्म आणि जांभा वरून कोरडे दिसले तरी आत पाणी धरून ठेवतात. उन्हात आणि वाऱ्यावर काही दिवस ठेवा. पावसाळ्यात छपराखाली पंखा लावा. ओला दगड प्लॅस्टिकमध्ये बंद केला तर महिनाभराच्या प्रवासात बुरशी आणि डाग दोन्ही येतात, आणि पेटी कॅनडासारख्या ठिकाणी हिवाळ्यात उघड्यावर राहिली तर आतलं पाणी गोठून दगडाचे पापुद्रे निघतात.

अंगाला काय लावायचं

दगडाच्या अंगाला पहिला थर पांढऱ्या, रंग न सुटणाऱ्या कापडाचा किंवा नॉन-वोव्हनचा, म्हणजे न विणलेल्या कृत्रिम कापडाचा. वर्तमानपत्र लावू नका, काळ्या दगडाला पाथरवटाने तेल दिलेलं असतं आणि शाई त्यावर उतरते. पांढऱ्या संगमरवराला काळं रबर, ओलं गोणपाट, ओलं लाकूड यांचे डाग लागतात आणि ते निघत नाहीत.

बबल रॅपचा मोह सगळ्यांना होतो. हलक्या वस्तूला तो उत्तम, पण शंभर किलोच्या भाराखाली दबून त्याचे फुगे फुटून नुसता प्लॅस्टिकचा कागद उरतो. थर्माकोलचे हादऱ्यांनी दाणे होतात आणि जागा सैल होते. जिथे वजन टेकतं तिथे कडक, घट्ट दाण्याचा ईपीई (पॉलिइथिलीनचा) फोम किंवा दाट फेल्ट लागतं, आणि ते प्लायच्या तुकड्यावर चिकटवलेलं असावं म्हणजे भार पसरतो.

पूर्वापार वापरला जाणारा भाताचा पेंढा आणि सुकं गवत परदेशी मालात वापरू नका. ते चांगलं काम करतं हे खरं, आपल्याकडच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यातच मूर्ती पाठवल्या. पण पेंढ्यातून कीड आणि बी जातं, म्हणून कित्येक देशांत तो उतरूच देत नाहीत.

पेटीचा तळ

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पेटीच्या भिंती दगडाला झाकण्यासाठी असतात, पेलण्याचं काम एकट्या तळाचं. तीनशे किलोच्या वृंदावनासाठी खाली १० सेंटीमीटर उंचीचे तीन वासे, त्यावर आडव्या जाड फळ्या आणि वर १८ मिलिमीटरचा प्लाय असा तळ करा. वासे तेवढे उंच असले की फोर्कलिफ्टचे दात आणि हाताने ओढायचा पॅलेट ट्रक सहज आत जातो. उंची कमी पडली तर गोदामातला माणूस पहारीने पेटी उचकटणार, आणि तो धक्का दगडाला बसणार. जोडणी स्क्रू आणि नट-बोल्टने करा. खिळे हादऱ्यांनी हळूहळू वर येतात, आणि पेटी उघडताना ते उपटायला हातोडी चालवावी लागते.

दगड तळावर ठेवला की पायाच्या चारही बाजूंना लाकडी ठोकळे घट्ट बसवा, दगड आणि ठोकळा यांच्यामध्ये फोम. हे ठोकळे तळाच्या वाशांत बोल्टने धरलेले असावेत. कंटेनरमध्ये माल भरण्यासाठी जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तीत रस्त्यावर पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट जोर धरायला सांगितला आहे, आणि खवळलेल्या समुद्रात आडव्या दिशेने तेवढाच. म्हणजे ब्रेक लागला की तुमचं वृंदावन २४० किलोच्या जोराने पुढच्या ठोकळ्यावर रेलतं. दोन खिळ्यांवरचा ठोकळा तिथे टिकत नाही.

बुटकी, रुंद वस्तू उभीच जाऊ द्या. उंची पायाच्या रुंदीच्या अडीच-तीन पट झाली की मी ती आडवी ठेवणं पसंत करतो, आणि इथेच सुरुवातीला सांगितलेल्या मोडण्याचा प्रश्न येतो. सव्वा मीटरचा खांब असेल तर त्याला दोन खोबण्यांवर, म्हणजे खाच कापलेल्या लाकडी आधारांवर ठेवा, प्रत्येक खोबणी टोकापासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे २५ सेंटीमीटर आत. सारख्या जाडीच्या खांबावर टोकांना आधार दिला असता जो ताण मध्यभागी येईल, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच ताण असा आधार दिल्यावर येतो. लाकडाचं एक इंचही जास्त न लावता दगड पाचपट सुरक्षित होतो, म्हणून ही जागा टेपने मोजून घ्या. खांब निमुळता असेल तर जाड बाजूची खोबणी तिच्या टोकाकडे थोडी सरकवा. खोबणी खांबाच्या गोलाईला बसेल अशी कापून आत फोम लावा. तिसरा आधार मधे घालावासा वाटतो, पण तो दोन मिलिमीटरने जरी उंच झाला तरी सगळं वजन एकट्या त्यावर येतं आणि खांब तिथेच मोडतो.

वालुकाश्माच्या पातळ फरश्या किंवा जाळ्या आडव्या ठेवू नका. त्या कडेवर उभ्या, किंचित कललेल्या आणि पूर्ण पाठीला आधार मिळेल अशा ठेवा.

धरायचं कुठे, सोडायचं कुठे

नवखे लोक नाजूक भागालाच जास्त फोम ठासतात. हत्तीची सोंड, मोराची मान, कंदिलाचे बारीक खांब, कमळाच्या पाकळ्यांच्या कडा यांना काहीही टेकवू नका. हादरा बसला की ठासलेला फोमच त्या भागाला ढकलतो. दगडाला जिथे तो जाड आणि ठोस आहे तिथे धरा, म्हणजे पाया, पोट, खांदा, आणि नाजूक भाग भोवती मोकळ्या हवेत राहू द्या. पेटीच्या भिंतीपासून सगळीकडे सहा-सात सेंटीमीटर अंतर ठेवा.

वरूनही धरावं लागतं. दगड जड असला तरी ट्रकमध्ये उसळतो. वस्तूच्या ठोस खांद्यावर फोम लावलेली एक आडवी पट्टी ठेवून ती पेटीच्या दोन बाजूंना बोल्टने आवळा. नुसता रॅचेट पट्टा (खटक्याने आवळत जाणारा) वापरायचा असेल तर कडेवर जाड कोपरे लावा, पट्ट्याच्या दाबाने कोरीव कडा सहज तुटते.

चार कोपऱ्यांना उभे वासे लावा आणि बाजूंना तिरक्या पट्ट्या. ‘वर माल ठेवू नये’ असं चारही बाजूंना लिहा, तरी सुट्या मालाच्या, म्हणजे अनेकांचा माल एकत्र भरलेल्या कंटेनरमध्ये वर दुसरी पेटी येऊ शकते असं धरूनच कोपरे मजबूत करा. वजनाचा मध्य कुठे आहे, पट्टा कुठे घालायचा, वरची बाजू कोणती, ही चिन्हं रंगाने काढा. जिथून उघडायचं त्या फळीच्या स्क्रूंना वेगळा रंग द्या.

लाकडावरचा शिक्का

कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं द्यायची किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि नंतर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक असा शिक्का. तो शिक्का मान्यताप्राप्त केंद्रच मारू शकतं. प्लायवूडला आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला हा नियम नाही, पण वाशांना आहे.

चूक बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत होते. पेटी तयार असते, शिक्का असतो, आणि दगड थोडा हलतो म्हणून कोणीतरी जवळ पडलेल्या फळीची पाचर आत ठोकतो. त्या एका बिनशिक्क्याच्या, सालीसकटच्या तुकड्यामुळे अमेरिकेत सगळा माल परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो. प्रक्रिया केलेल्या लाकडाचे ठोकळे आणि पाचरी आधीच जास्त कापून एका टोपलीत ठेवा, आणि बाकी लाकूड त्या जागेवरून हलवून टाका.

उचलणं

उचलायला रुंद पॉलिस्टर पट्टा वापरा. साखळी आणि तारेचा दोर कडा खातात. पट्ट्यावर त्याची क्षमता लिहिलेली असते, ती वाचा. मान, हात, कमान यांना पट्टा अडकवू नका, दोन पट्टे पोटाखालून घ्या. चेन कप्पीने आधी फक्त बोटभर उचला, थांबा, कुठे कलतो ते पाहा, खाली ठेवून पट्टे सरकवा आणि मग पूर्ण उचला. दगडाखाली हात घालायची वेळ येऊ देऊ नका, आधी लाकडी ठोकळे ठेवा आणि त्यावरच दगड टेकवा. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पायात सेफ्टी बूट असायला हवेत, चपलेवर कोणालाही दगडाजवळ येऊ देऊ नका. माथाडी कामगार किंवा पाथरवट बरोबर असतील तर उचलण्याच्या बाबतीत त्यांचंच ऐका, त्यांच्या नजरेला तोल लगेच दिसतो.

भाडं आणि विमा

कुरिअरने एवढा दगड पाठवणं परवडत नाही, समुद्रमार्गच बरा. न्हावा शेवाहून सुटा माल पाठवताना भाडं एक घनमीटर किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. आपल्या वृंदावनाची पेटी बाहेरून ६५ गुणिले ६५ गुणिले ८५ सेंटीमीटर धरली तर ०.३६ घनमीटर होते आणि पेटीसकट वजन साधारण ३५० किलो, म्हणजे दोन्ही हिशेब जवळपास सारखेच. त्यातून बहुतेक ठिकाणी किमान एक घनमीटरचं भाडं घेतातच. तेव्हा भाडं वाचवायला फोमची जागा कमी करण्यात काही अर्थ नाही. उरलेल्या जागेत सुटा केलेला चौथरा वेगळ्या पेटीत पाठवा.

पूर्ण कंटेनर भरत असाल तर २० फुटी कंटेनर जागेने भरण्याच्या कितीतरी आधी वजनाने भरतो. पेट्या जमिनीवर पसरून ठेवा, सगळं वजन एका टोकाला येऊ देऊ नका. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन जहाजावर चढण्याआधी जाहीर करणं १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे, म्हणून मघाचा काट्याचा आकडा हाताशी असू द्या.

विमा घेताना ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए’ या ठरावीक अटींचा मागा, तो सर्वांत व्यापक. रक्कम माल, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या किमतीवर १० टक्के वाढवून धरतात. मात्र अपुरं पॅकिंग हे कारण त्यातही वगळलेलं असतं. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा : उघडा दगड, तळ, ठोकळे, वरची पट्टी, लाकडावरचा शिक्का, बंद पेटी. पेटीला झटका आणि कल दाखवणारे स्टिकर मिळतात. जोराचा धक्का बसला की ते लाल होतात, आणि हाताळणारेही ते पाहून जपतात.

पलीकडच्या माणसासाठी

तिकडे घरापुढे फोर्कलिफ्ट नसते. ट्रकवाला पेटी रस्त्याच्या कडेला ठेवून जातो. ट्रकला मागे उतरवण्याची हायड्रॉलिक फळी आहे का, ती किती वजन घेते, फाटकाची रुंदी किती, पुढे गवत आहे की फरशी, हे सगळं पेटीचा आकार ठरवण्याआधी विचारून घ्या. तीनशे किलोची वस्तू ओल्या हिरवळीवर पॅलेट ट्रकने जात नाही, खाली प्लायच्या पट्ट्या टाकाव्या लागतात.

घेणाऱ्याला फोटोंसह एक पान पाठवा, आणि त्याचीच प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत पेटीच्या बाहेरून चिकटवा. आधी कोणती फळी काढायची, मग वरची पट्टी, मग समोरचा ठोकळा, पट्टा कुठून घालायचा, असं क्रमाने लिहा. पेटीचं लाकूड तुटलेलं असेल किंवा स्टिकर लाल असेल तर पोचपावतीवर सही करताना तसं लिहायचं आणि ट्रक उभा असतानाच फोटो घ्यायचे, हेही त्याच पानावर ठळक असू द्या. बाहेरून न दिसणारं नुकसान असेल तर वाहतूकदाराला तीन दिवसांच्या आत लेखी कळवायला हवं, म्हणून पेटी आली की त्याच दिवशी उघडायला सांगा. पाहुणे येतील तेव्हा उघडू, असं म्हणून ती गॅरेजमध्ये पडून राहू नये.